पिनस म्हणजेच ॲट्रॉफिक रायनायटिस: नाकातल्या खपल्या, वास आणि निदान याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हा आजार नववीत असल्यापासून आहे आणि त्याचं नाव कळायला सात वर्षं लागली. आता चाळिशीला आलेय. मी डॉक्टर नाहीये, पण ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या बायका, ओळखीतून फोन करणारी माणसं, आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीची आई, अशा सगळ्यांनी मला जे प्रश्न परत परत विचारलेत त्यांची उत्तरं इथे लिहितेय. औषधं मात्र तुमच्या ईएनटी डॉक्टरांना विचारूनच घ्या, माझं वाचून नको.

नक्की काय होतं या आजारात?

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तीन-तीन गुबगुबीत वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. वरून ओलसर अस्तर आणि आत भरपूर रक्तवाहिन्या. बाहेरची हवा त्यांच्यावरून घासत आत जाते तेव्हा ती कोमट होते, ओली होते, धूळ तिथेच चिकटते आणि अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे बारीक केस तो चिकट द्रव हळूहळू मागे घशाकडे सरकवत राहतात. पिनसमध्ये हे अस्तर सुकत जातं, रक्तपुरवठा कमी होतो, ते केस नाहीसे होतात, वळकट्या झिजतात आणि त्यांच्या आतलं हाडसुद्धा झिजतं. नाक आतून रुंद होत जातं. शेंबूड पुढे सरकत नाही, जागेवरच वाळतो, त्याच्या हिरवट-काळपट खपल्या होतात, खपल्यांखाली जंतू वाढतात आणि मग तो वास सुटतो.

जुनी माणसं पिनस म्हणतात, पण काही घरांत जुनाट सर्दीलाही पिनसच म्हणतात त्यामुळे गोंधळ होतो. आयुर्वेदात पूतिनस्य असं एक नाव आहे. डॉक्टर ॲट्रॉफिक रायनायटिस म्हणतात आणि वास जोरात असेल तर ओझीना, हा मूळचा ग्रीक शब्द आणि अर्थ दुर्गंधीशीच जोडलेला. वास, खपल्या आणि झिजलेलं अस्तर ही तिन्ही लक्षणं १८७६ मध्ये फ्रँकेल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एकत्र मांडली, आजही निदान त्याच तिघांवर उभं आहे.

नाक आतून एवढं मोकळं झालंय तर मग चोंदल्यासारखं का वाटतं?

हा प्रश्न मी स्वतः प्रत्येक डॉक्टरला विचारलाय. एक कारण सरळ आहे, खपल्यांनी खरोखरच वाट अडते. पण खपल्या काढल्यावरही श्वास पुरत नाही असं वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याला श्वास घेतल्याचं कळतं ते हवा आत जाताना जो गारवा लागतो त्यावरून, तो गारवा टिपणाऱ्या नसा याच अस्तरात असतात. अस्तर सुकलं की त्या नसाही मंदावतात, हवा ढीगभर जात असते पण मेंदूला पत्ताच नसतो. याच्या अगदी उलट म्हणजे मेन्थॉलचा बाम लावला की नाक उघडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाट तेवढीच असते, फक्त गारवा जाणवणाऱ्या नसा जाग्या होतात.

त्यामुळे घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे की पेशंट नाक बंद आहे म्हणतो आणि डॉक्टर नाक मोकळं आहे म्हणतात तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. माझ्या आईला हे पटायला फार वेळ लागला, ती म्हणायची रिपोर्ट चांगले आहेत, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

लोक वास येतो म्हणतात, मला तर काहीच येत नाही. असं कसं?

वास ओळखणाऱ्या नसांचा भाग नाकात अगदी वर असतो, तोही सुकतो आणि वर खपल्यांचा थर. त्यामुळे पेशंटला स्वतःचा वास येत नाही, आणि बहुतेकदा दुसरा कुठलाही येत नाही. डॉक्टरी पुस्तकांत याला दयाळू गंधहीनता अशा अर्थाचं नाव आहे, की बरं झालं त्या बिचाऱ्याला कळत नाही. मला हे नाव पटत नाही. न कळण्यात दया कसली? ट्रेनमध्ये शेजारची बाई उठून दाराशी जाऊन उभी राहते, वर्गात बाकावर कुणी बसत नाही, आणि आपण विचार करत राहतो की आपण काय वागलो.

आमची खोली लालबागला चाळीत होती. मी २१ वर्षांची असेन, गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती आणि आई दोन दिवस म्हणत होती की कपाटामागे उंदीर मेलाय. बाबांनी कपाट ओढलं, मी टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडून आत बघत होते, मग पलंगाखाली, मग मोरीच्या फळीमागे, फिनेल टाकलं, उदबत्त्या लावल्या. उंदीर काही सापडेना. मी सगळ्यांच्या पुढे होऊन शोधत होते आणि मी जिथे जाईन तिथे आई म्हणत होती इथेच आहे, इथेच येतोय. माझी आत्या सावंतवाडीहून गणपतीला आलेली होती, ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग मला हाताला धरून बाहेर गॅलरीत घेऊन गेली, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "चेडवा, उंदीर नाय गो, तुझ्या नाकातसून वास येता. उद्या आपण दाक्तराक दाखवूया."

मी रडले खूप. पण त्याआधी सात वर्षांत हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मला कळायचा दुसरा काही मार्गच नव्हता.

घरात किंवा ऑफिसात कुणाला असा वास येत असेल तर सांगावं का?

हो, सांगाच. एकटीला किंवा एकट्याला बाजूला घेऊन सांगा, तोंडातून नाही नाकातून येतोय हे स्पष्ट सांगा कारण नाहीतर माणूस वर्षभर माउथवॉश वापरत बसतो, आणि हा आजार असतो, औषध असतं, एवढं लगेच जोडून सांगा. आडून आडून सुचवणं, खिडकी उघडणं, नाकाला पदर लावणं याने काही कळत नाही, फक्त लागतं. आणि शक्य असेल तर डॉक्टरकडे सोबत जा. आत्या गणपतीच्या गडबडीत माझ्यासोबत आली होती.

मी अस्वच्छ राहते म्हणून झालं का? हा दुसऱ्याला लागतो का?

नाही आणि नाही. दिवसातून तीनदा आंघोळ केली तरी हा होतो. ताट, ग्लास, टॉवेल वेगळा करायची गरज नाही. एकाच घरात दोघांना दिसलाय असं होतं कधी कधी, पण ते आनुवंशिकतेमुळे किंवा एकसारख्या खाण्या-राहण्यामुळे असावं असं मानतात.

मग होतो कशामुळे?

दोन प्रकार आहेत. पहिला आपोआप सुरू होणारा, त्याचं एकच असं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. क्लेबसिएला ओझीनी नावाचा जंतू खपल्यांत खूपदा सापडतो, पण तो आजार सुरू करतो की आयती जागा बघून नंतर येऊन बसतो यावर डॉक्टरांत एकमत नाही. रक्तात लोह कमी, व्हिटॅमिन ए कमी, आनुवंशिकता, हार्मोन, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणं, अशी कारणं मांडलेली आहेत. मुलींमध्ये जास्त दिसतो आणि सुरू बहुतेकदा वयात येताना होतो. युरोप-अमेरिकेत हा प्रकार आता क्वचित बघायला मिळतो, भारत, चीन, इजिप्त अशा देशांत अजून दिसतो, त्यातही जिथे खाण्याची आबाळ आहे तिथे.

दुसरा प्रकार कशाच्या तरी मागून येणारा. नाकाचं ऑपरेशन करताना टर्बिनेट जास्त कापली गेली, कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं, मोठा मार लागला, किंवा टीबी, कुष्ठरोग, सिफिलिस, ल्युपस अशा आजारांनी नाक आतून खाल्लं. म्हणूनच पहिल्या भेटीत डॉक्टर जुनी ऑपरेशन, जुने आजार खोदून खोदून विचारतात, लपवू नका.

मला सायनस आहे, ॲलर्जी आहे, मास वाढलंय असं सांगितलंय. फरक कसा ओळखायचा?

घरी बसून पक्कं ओळखता येत नाही, पण काही खुणा आहेत. ॲलर्जीत शिंका, खाज, पाण्यासारखं नाक वाहणं, आणि नाक खरोखर सुजून बंद. साध्या सायनसमध्ये चेहरा जड, पिवळा शेंबूड, आणि वास आला तर तो बऱ्याचदा पेशंटला स्वतःलाही जाणवतो. पिनसमध्ये नाक वाहण्यापेक्षा वाळतं. शिंकरल्यावर कडक तुकडे पडतात, कधी नाकाच्या आतल्या आकाराचा अख्खा साचाच्या साचा बाहेर येतो, खपली ओढली की घोळणा फुटतो, घसा सकाळी कोरडा ठाक असतो, आवाज बसतो, कान दडे बसल्यासारखे होतात, आणि फोडणी जळली तरी कळत नाही.

मला चार वर्षं ॲलर्जीच्या गोळ्या चालू होत्या. ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या नाक आणखी सुकवतात, त्यामुळे गोळी घेतली की जास्त त्रास, मग डोस वाढव, असं गोल गोल फिरत राहिलं. त्या डॉक्टरांनी मनात वाईट धरून काही केलं नाही, पण चार वर्षांत एकदाही नाकात दुर्बीण घातली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तीन महिने औषध घेऊन फरक नसेल तर एंडोस्कोपी करा असं स्वतःहून म्हणा, अजिबात संकोच करू नका.

निदान कसं होतं? कुठकुठल्या टेस्ट?

सगळ्यात महत्त्वाची नेझल एंडोस्कोपी. बारीक दुर्बीण नाकात घालून बघतात, आधी सुन्न करणाऱ्या औषधात भिजवलेली पट्टी ठेवतात, दुखत नाही फार, डोळ्यांतून पाणी येतं एवढंच. माझ्या वेळी आधी खपल्या काढाव्या लागल्या, निवासी डॉक्टर मॅडमनी चिमट्याने एकेक करून काढल्या आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्या, बोटाच्या दोन पेरांएवढा एक काळा-हिरवा तुकडा होता, आणि मॅडमनी मास्क लावलेला असूनही एकदाही मान वळवली नाही. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, बघा, इथे भिंतीला टर्बिनेट असायला हवी, आणि तिथे खरंच काही नव्हतं, सामान हलवल्यावर खोली दिसते तसं, सरळ मागे घशापर्यंत दिसत होतं.

त्यानंतर बहुधा सायनसचा सीटी स्कॅन. त्यात टर्बिनेट झिजलेली, नाकाची पोकळी रुंद, बाजूची भिंत झिजलेली आणि गालातले सायनस छोटे राहिलेले असं दिसू शकतं. खपलीचं किंवा स्रावाचं कल्चर करतात म्हणजे कुठला जंतू आहे आणि कुठलं अँटिबायोटिक त्याच्यावर चालेल ते कळतं. रक्तात हिमोग्लोबिन, लोह, ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणारी टेस्ट), शुगर. सिफिलिससाठी व्हीडीआरएल लिहून दिली तर दचकू नका, तुमच्या चारित्र्याबद्दल कुणी काही म्हणत नाहीये, ती सगळ्यांचीच करतात. टीबीसाठी छातीचा एक्स-रे, कुष्ठरोगाची शंका असेल तर नाकातला स्मिअर, आणि चित्र जरा वेगळं वाटलं तर बायोप्सी आणि एएनसीए नावाची रक्ताची टेस्ट.

सॅकरिनचीही एक साधी टेस्ट असते. सॅकरिनचा कण नाकात पुढच्या बाजूला ठेवतात आणि घशात गोड लागायला किती वेळ लागतो ते मोजतात, नॉर्मल नाकात साधारण २० मिनिटांच्या आत लागतं. मला बसवून ठेवलं होतं, शेवटपर्यंत गोड लागलंच नाही.

पिनससारखाच दिसणारा पण दुसराच आजार असू शकतो का?

असू शकतो, आणि निदान नीट करून घ्यायचं ते यासाठीच. खपल्यांत सतत रक्त, नाकाचा बांधा मधेच बसायला लागलेला, सोबत सांधे दुखणं, डोळे लाल, खोकल्यातून रक्त किंवा लघवीत रक्त, असं असेल तर जीपीए नावाचा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. तो किडनी आणि फुप्फुसावर जातो, तिथे दिवस घालवून चालत नाही, लघवीची टेस्ट आणि एएनसीए लगेच करा. अंगावर बधिर चट्टे असतील तर कुष्ठरोगाची तपासणी, त्याची औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो, मुंबईत वडाळ्याचं ॲकवर्थ हॉस्पिटल त्यासाठीच आहे. रायनोस्क्लेरोमा नावाचा एक आहे, त्याची सुरुवात अगदी पिनससारखी असते पण पुढे नाकात कडक गाठी होतात, तो बायोप्सीत पकडला जातो.

माझं नाकाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर हे सुरू झालं. हे तेच का?

खपल्या आणि वास असेल तर दुसऱ्या प्रकारचा पिनस असू शकतो. पण काहींना खपल्या, वास विशेष नसतो, फक्त नाक भयंकर रिकामं, कोरडं आणि श्वास अडकल्यासारखा, झोप लागत नाही. त्याला एम्प्टी नोज सिंड्रोम म्हणतात, हे नाव १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कर्न आणि स्टेनक्विस्ट या डॉक्टरांनी दिलं. त्यासाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ११ किंवा जास्त आले तर शंका घेतात. मग टर्बिनेट जिथे होती तिथे डॉक्टर ओला कापूस ठेवून २०-३० मिनिटं बसवतात, आणि नाकात बोळा असूनही श्वास बरा वाटला तर निदानाला बळ येतं. सगळ्याच डॉक्टरांना हे मान्य असतं असं नाही, त्यामुळे दुसरं मत घ्यायला लाजू नका. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी एवढंच विचारा की टर्बिनेट किती काढणार आणि किती ठेवणार.

मुंबईत दाखवायचं कुठे?

परळचं केईएम, सायन, नायर, कूपर, भायखळ्याचं जेजे, या सगळ्या ठिकाणी ईएनटी विभाग आहे, मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे आणि असे पेशंट तिथल्या डॉक्टरांनी बघितलेले असतात, जे गल्लीतल्या क्लिनिकमध्ये होईलच असं नाही. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लावून न्या. त्या दिवशी सकाळी नाक धुऊन जाऊ नका, खपल्या डॉक्टरांना दिसू देत, कल्चरलाही बरं पडतं. लाज वाटते, माहितीये मला, पण तेवढा एक दिवस. खपलीचा किंवा साच्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला असेल तर तोही दाखवा.

पूर्ण बरा होतो का?

झिजलेलं पुन्हा उगवत नाही. पण वास जवळजवळ संपवता येतो, खपल्या कमी होतात, आणि माणूस नोकरी-संसार सगळं करतो. काही जणांचा त्रास वय वाढेल तसा, चाळिशीनंतर, आपोआप कमी होतो असंही डॉक्टर सांगतात. मी वाट बघतेय.

नाक धुवायचं नक्की कसं?

हे नीट वाचा कारण खरा इलाज हाच आहे, बाकी सगळं याच्या मागून.

मूळ पावडर तीन गोष्टींची, खायचा सोडा एक भाग, बोरॅक्स एक भाग आणि मीठ दोन भाग, आणि त्यातली एक चमचा पावडर साधारण २८० मिली कोमट पाण्यात. सोड्याने खपली सुटते, बोरॅक्स जंतुनाशक, मिठाने पाणी शरीराच्या पाण्यासारखं होतं म्हणून झोंबत नाही. हे डॉक्टर लिहून देतात आणि केमिस्टकडून बनवून घ्यायचं, बोरॅक्स स्वतः आणून अंदाजे टाकू नका आणि पोटात जाऊ देऊ नका, लहान मुलांसाठी तर नकोच. ते मिळत नसेल तर अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर सोडा, त्यानेही काम होतं.

पाणी उकळूनच घ्या. खळाखळा उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवा आणि झाकून कोमट होऊ द्या. नळाचं, टाकीचं, टँकरचं पाणी थेट नाकात नको, घरच्या फिल्टरचंही नको. नेग्लेरिया नावाचा अमिबा पाण्यातून नाकावाटे मेंदूत जातो आणि मग माणूस वाचणं फार कठीण असतं. तेच पाणी प्यायलं तर त्याने काही होत नाही, नाकात गेलं तरच.

मी पातेलं रात्रीच उकळून झाकून ठेवते, सकाळी थोडं गरम करते आणि मनगटावर टाकून बघते, बाळाचं दूध बघतात तसं. मोरीत पुढे वाकायचं, तोंड उघडं, श्वास तोंडाने, बाटलीचं तोंड एका नाकपुडीला लावून हळू दाबायचं आणि तोंडाने क-क-क-क म्हणत राहायचं, त्याने टाळू वर उचलली जाते आणि पाणी घशात न जाता दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. पहिल्या दिवशी ठसका लागतो. आठवड्यात सवय होते. झाल्यावर जोरात शिंकरायचं नाही, कानात पाणी जातं, हळूच एकेक बाजू. खपली आली नाही तर नखाने ओढायची नाही, पुन्हा धुवायचं. बाटली रोज साबणाने धुवून उलटी वाळवायची. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, पाळी असो, पाहुणे असोत, गावाला गेलेलो असो. मी चार दिवस लग्नाच्या गडबडीत सोडलं होतं, पाचव्या दिवशी साचा तयार.

औषधं कुठली देतात?

धुतल्यावर ग्लिसरीनमध्ये २५ टक्के ग्लुकोजचे थेंब. ग्लिसरीन ओलावा ओढून धरतं आणि ग्लुकोजमुळे वास करणाऱ्या जंतूंची वाढ रोखली जाते. स्वस्त आहेत, चिकट लागतात, पण चांगले. कल्चरप्रमाणे अँटिबायोटिकचा कोर्स, लोह कमी असेल तर लोहाच्या गोळ्या. रिफॅम्पिसिनसुद्धा काही पेशंटना देतात, पण ते टीबीचं औषध आहे, कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन बघून स्वतःच्या मनाने घेण्याचा विचारसुद्धा नको.

घरगुती उपाय, तूप, तेल, तपकीर, नाक उघडायचा स्प्रे?

सर्दीत मारतात तो नाक उघडणारा स्प्रे पूर्ण बंद, तो रक्तवाहिन्या आकसवतो आणि आपल्या नाकात रक्त मुळातच कमी पोचतंय. तपकीर, मशेरी, सिगरेट बंद. नाकपुडीच्या तोंडाशी बोटाने थोडं तूप लावलं तर कोरडेपणाला बरं वाटतं, माझी आई लावायची. पण आडवं पडून तेलाची धार नाकात सोडणं रोज करू नका, ते उतरून फुप्फुसात गेलं तर तिथे सूज येते. वाफ घ्यायला हरकत नाही, त्याने खपली नरम होते, आजार जात नाही.

नाकात अळ्या पडतात हे खरं आहे का?

खरं आहे. आपल्याकडच्या ईएनटी वॉर्डात असे पेशंट येतात. वासाने माशी येते, माणूस झोपलेला असताना अंडी घालते, नाकाला संवेदना कमी असल्याने कळत नाही. नाक-कपाळ अचानक असह्य दुखणं, आत वळवळल्यासारखं होणं, रक्ताळ पाणी, पापण्या आणि ओठ सुजणं, असं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. घरी टर्पेंटाइन वगैरे टाकू नका, ते डॉक्टर करतात आणि दुर्बिणीतून एकेक अळी काढतात. थांबलात तर त्या डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतात. मच्छरदाणी लावून झोपा, दुपारी सुद्धा. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना हा आजार असेल तर.

नाकपुड्या शिवून बंद करतात ते ऑपरेशन काय आहे?

यंग नावाच्या सर्जननी १९६७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. नाकपुडीच्या आतल्या कातडीचे पापुद्रे उचलून ती पूर्ण बंद करतात, निदान सहा महिने तरी, कधी त्याहून बराच जास्त काळ, आणि नंतर उघडतात. हवा जाणंच बंद झाल्यामुळे अस्तराला सावरायला वेळ मिळतो. तोवर तोंडाने श्वास. तो त्रास कमी व्हावा म्हणून सुधारित पद्धतीत साधारण ३ मिलीमीटरचं भोक ठेवतात. दुसऱ्या एका ऑपरेशनमध्ये नाकाची बाजूची भिंत आत सरकवून पोकळी अरुंद करतात. उघडल्यावर काही जणांना पुन्हा त्रास सुरू होतो. मी करून घेतलं नाही, धुण्यावर माझं भागतंय, पण सायनला मला एक काकू भेटायच्या त्यांनी केलं होतं आणि त्या खूश होत्या.

मुंबईच्या हवेत त्रास वाढतो का?

पावसाळ्यात मला बरं असतं, हवाच ओली असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कोरडं वारं सुटतं तेव्हा वाईट. ऑफिसचा एसी सगळ्यात वाईट, एसी लोकलसुद्धा. मी पर्समध्ये सलाईनचा छोटा स्प्रे ठेवते, दर दोन तासांनी मारते. आमच्याकडे आजूबाजूला सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे त्या सिमेंटच्या धुळीत मास्क लावते, मास्कच्या आत श्वासाची वाफ राहते त्याचाही फायदा होतो.

लग्न जमवताना सांगायचं का?

मी सांगितलं. दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्या ठिकाणी माझ्या नवऱ्याने विचारलं की रोज किती वेळ जातो धुण्यात. सासूबाईंना आधी वाटलं होतं की मुलांना होईल, मग त्या स्वतः माझ्यासोबत ओपीडीत आल्या आणि डॉक्टरांना त्यांनीच विचारलं. प्रेग्नन्सीत औषधं बदलतात, त्यामुळे डॉक्टरांना आधी सांगा. पाळीच्या आसपास काहींना खपल्या वाढल्यासारख्या वाटतात, मलाही वाटतं.

वास गेला की नाही हे मला स्वतःला कसं कळणार?

नाही कळणार. त्यासाठी एक माणूस ठरवून ठेवा, जे खरं तेच सांगेल असं, आणि आपणहून विचारा म्हणजे त्याला अवघड होत नाही. माझी धाकटी बहीण भांडुपला राहते. दर रविवारी ती आली की चप्पल काढायच्या आधी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मोठा श्वास घेते, आणि मग नाही म्हणून मान हलवते किंवा म्हणते, ताई, आज परत धू. मग ती चहा टाकते आणि मी पातेलं गॅसवर ठेवते.